प्रवाशाची पडशी व छायाचित्राचें भिंग

इ. स. १८३९ च्या ऑगस्ट महिन्याच्या १९ तारखेस पॅरिस येथील विद्वत्सभेंत, सूर्यप्रकाशानें चित्र उमटविण्याची दागेर याची कृति जगापुढें जाहीर करण्यांत आली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंतच इकडे साताऱ्यास छत्रपति प्रतापसिंहमहाराजांस इंग्रज सरकारनें पदच्युत केलें, व पुढें त्यांची रवानगी काशीस झाली. या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नव्हता. परंतु साताऱ्याच्या राजवाड्यांत हा प्रसंग घडत होता त्याच वेळीं, असे प्रसंग टिपून ठेवणारें साधन सातासमुद्रांपलीकडे जन्म घेत होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें १८४३ सालीं सांगलीस चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. दिव्यांच्या उजेडांत हालत्याबोलत्या नटांचें चित्र घेऊं शकेल असें भिंग तेव्हां जगांत कोठेंच नव्हतें. मराठी नाटकाचा जन्म म्हणूनच लेखांतून व स्मृतींतून कळतो, छायाचित्रांतून नव्हे.

कॅमेरा म्हणजे वस्तुतः एक काळोखी पेटी. पाहण्याचें काम करतें तें तिच्या तोंडाशीं बसविलेलें भिंग. प्रवासास निघतांना कोणतें भिंग पडशींत टाकावें व कोणतें घरीं ठेवावें, हा प्रश्न आज हौशी छायाचित्रकारास पडतो. पण तो नवा नाहीं. गेल्या पावणेदोनशें वर्षांत कृष्णाकांठच्या मुलखाचें काय टिपलें गेलें आणि काय सुटून गेलें, याचा बराचसा निर्णय या पडशीच्या वजनानेंच केलेला आहे.

भिंगाचे दोन गुण प्रथम समजून घेतले पाहिजेत. पहिला गुण नाभ्यंतराचा. दूरच्या वस्तूचें चित्र भिंगापासून जितक्या अंतरावर स्पष्ट उमटतें, तें त्याचें नाभ्यंतर. हें लांब असेल तर वस्तु मोठी दिसते, पण दृश्य अरुंद होतें. आंखूड असेल तर दृश्य रुंद, पण वस्तु लहान. दुसरा गुण द्वाराचा. द्वार जितकें रुंद तितका प्रकाश अधिक आंत येतो आणि चित्र तितकें लवकर उमटतें. दागेरच्या कॅमेऱ्यावरील भिंगाचें द्वार नाभ्यंतराच्या सुमारें पंधराव्या हिश्श्याएवढें होतें. त्यामुळें भर उन्हांतहि कित्येक मिनिटें थांबावें लागे. १८४० सालीं व्हिएन्ना येथील गणिती पेट्झवाल यानें गणितानें आंखून नवें भिंग सिद्ध केलें. त्याचें द्वार नाभ्यंतराच्या ३.६ व्या हिश्श्याइतकें रुंद होतें. म्हणजे पहिल्यापेक्षां सुमारें सतरापट प्रकाश आंत येऊं लागला. माणसाची तसबीर घेणें त्यामुळें शक्य झालें. मात्र या भिंगांत चित्राचा मध्यभाग तेवढा रेखीव येई व कडा पुसट होत. चेहऱ्यास तें शोभून दिसे, पण किल्ल्याच्या तटास किंवा देवळाच्या शिखरास तें चालेना. तसबिरीचें भिंग वेगळें व देखाव्याचें वेगळें, ही वांटणी तेव्हांपासूनची आहे.

१८५१ सालीं आर्चर या इंग्रजानें कांचेवर ओलें रसायन पसरून चित्र घेण्याची पद्धत शोधून काढली. चित्र सुरेख येई व त्याच्या पुष्कळ प्रती निघत. परंतु कांच ओली आहे तोंवरच चित्र घेऊन धुवावें लागे. त्यामुळें प्रवाशास कॅमेऱ्यासह काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि कांचांच्या पेट्या बरोबर न्याव्या लागत. सॅम्युअल बोर्न हा प्रसिद्ध छायाचित्रकार १८६३ सालीं हिमालयांत गेला तेव्हां त्याच्याबरोबर तीसच्या आसपास हमाल होते. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची मंडळी स्थापन झाली होती, आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थहि तींत होते. पण सह्याद्रीचे घाट चढून असा संसार वर नेणें ज्याला परवडे, तो वाटेंतल्या खेड्याच्या पाणवठ्यावर अगर बाजारांत कशास खोळंबेल? जेथें जावयाचें तेथें जाऊन तो मोठें, प्रेक्षणीय असें कांहींतरी टिपी. नित्याचें जीवन वजनामुळेंच मागें पडलें.

देवळें व वाडे यांचीं चित्रें घेणारांची एक निराळीच अडचण होती. त्या वेळच्या देखाव्याच्या भिंगांतून कडेच्या सरळ रेषा वांकड्या दिसत. देवळाचा खांब धनुष्यासारखा वांके. १८६६ सालीं लंडनच्या डाल्मायरनें व म्युनिकच्या स्टाइनहाइलनें, एकमेकांस नकळत, दोन सारखीं भिंगें समोरासमोर बसवून हा दोष घालविला. वाईच्या घाटावरील देवळें किंवा मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा पाहणारास या सुधारणेचें मोल सहज कळेल. अशा ठिकाणीं आजहि जागेची अडचण सोसावी लागतेच. समजा, पांच मीटर रुंदीच्या बोळांत एका भिंतीस पाठ लावून समोरच्या भिंतीचें चित्र घ्यावयाचें आहे. चालू मापाच्या, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटींत, ५० मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगानें भिंतीचा ३.६ मीटर भाग मावतो. २८ मिलिमीटरांच्या भिंगानें सुमारें ६.४ मीटर. मात्र रुंद कोनाच्या भिंगाचें तोंड वर उचललें कीं भिंती एकमेकींकडे कलूं लागतात. यावर उपाय जुनाच आहे. कॅमेरा सपाट धरावा, आणि बनेल तर नदीच्या पैलतीरावर जाऊन चित्र घ्यावें.

१८७१ सालीं मॅडॉक्स यानें कोरड्या कांचेची युक्ति सांगितली, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत काळोखा तंबू प्रवाशाच्या पाठीवरून उतरला. १८८८ सालीं ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा निघाला. त्यांत एका गुंडाळीवर शंभर चित्रें निघत. १९०२ सालीं झाइसच्या कारखान्यांत पॉल रुडॉल्फनें टेसार हें चार कांचांचें लहानसें भिंग सिद्ध केलें, आणि कडेपर्यंत रेखीव चित्र देणारें साधन खिशांत मावूं लागलें.

याच सुमारास साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस इतिहाससंशोधनाचें कार्य करीत होते. १९०८ सालीं त्यांचें ‘इतिहाससंग्रह’ मासिक सुरू झालें. १९१६ सालीं महाबळेश्वरावर आणि १९१७ सालीं सांगली संस्थानावर त्यांचे सचित्र इंग्रजी ग्रंथ निघाले. इतिहास लिहिणाऱ्यानें कागदपत्राइतकाच देखाव्याचाहि संग्रह करावा, ही दृष्टि त्यांत दिसते. तिकडे औंध संस्थानच्या मुलखांत १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, व १९२० सालीं तेथून शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. मासिकें सचित्र झालीं आणि छायाचित्र दिवाणखान्यांतील चौकटींतून निघून घरोघर वाचावयाच्या पानांवर आलें. पुढें १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व सांगली, मिरज वगैरे संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला; त्यासच १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. छायाचित्रकारासहि हा मुलूख एकच धरून चालतो, कारण महाबळेश्वरीं निघालेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड करीत सांगलीसच येते.

१९२५ सालीं जर्मनींत लायका कॅमेरा विक्रीस आला आणि १९३० पासून त्याचें भिंग काढून दुसरें बसवितां येऊं लागलें. ‘कोणतें भिंग न्यावें’ हा प्रश्न खऱ्या अर्थानें घरगुती झाला तो तेव्हां. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलें असतां २८ मिलिमीटरांचें भिंग ७५ अंशांचा, ३५ चें ६३, ५० चें ४७, १३५ चें १८ आणि २०० चें १२ अंशांचा कोन पाहतें. महाबळेश्वरीं मुंबई पॉइंटावर उभें राहून पश्चिमेकडील डोंगरांच्या रांगा पाहणारास वाटतें कीं, रुंद भिंगानें सारें घ्यावें. घरीं आल्यावर चित्रांत नजरेस भरलेला प्रतापगड बोटाच्या नखाएवढाहि सांपडत नाहीं. याचा हिशेब सोपा आहे. दहा किलोमीटरांवर चारशें मीटर लांबीचा तट असेल, तर ५० मिलिमीटरांच्या भिंगानें त्याची प्रतिमा चौकटींत अवघी २ मिलिमीटर येते. २०० च्या भिंगानें ८ मिलिमीटर. दूरचा गड हवा असेल तर लांब भिंगास पर्याय नाहीं. त्याबरोबर स्थिर तिपाई हवी आणि सकाळची, वाफ न चढलेली हवाहि हवी.

साताऱ्यापासून जवळच असलेलें कासचें पठार याच्या अगदीं उलट कसोटी लावतें. २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशांत गणलें गेलेलें हें पठार पावसाळ्याच्या अखेरीस सीतेची आसवें, गेंद, दवबिंदु अशा चिमुकल्या वनस्पतींनीं फुलतें. तेथें निकटभिंग पाहिजे. म्हणजे एक सेंटिमीटर फूल चौकटींतहि एक सेंटिमीटर उमटविणारें. अशा भिंगांत स्पष्टतेची खोली कांहीं मिलिमीटरांचीच राहते, म्हणून वारा पडण्याची वाट पाहावी लागते. ५० पेक्षां १०० मिलिमीटरांचें निकटभिंग येथें श्रेयस्कर, कारण तें दुप्पट अंतरावरून काम करूं देतें आणि वाट सोडून फुलांत गुडघे टेकण्याचा मोह टळतो. एका फुलाच्या चित्रापायीं दहा फुलें चिरडणें हा छंद नव्हे, नासधूस आहे.

भिंगाबरोबरच्या साहित्यांतहि असाच विवेक पाहिजे. कडेचें ऊन अडविणारी भिंगाची टोपी स्वस्त असून फार उपयोगी. जुन्या भिंगांत कांचेच्या प्रत्येक पृष्ठावर शेंकडा चार-पांच प्रकाश परत फिरे व चित्रावर पांढुरकी झांक येई. १९३५ सालीं झाइसच्या स्माकुलानें कांचेवर पातळ लेप देण्याची रीत काढली तेव्हां हा दोष पुष्कळ कमी झाला. त्या लेपामुळेंच पुढें अनेक कांचांचीं, नाभ्यंतर बदलणारीं झूम भिंगें व्यवहारांत आलीं. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठीं असें पहिलें भिंग १९५९ सालीं बाजारांत आलें. पाण्यावरील चकाकी घालविण्यास ध्रुवणाचा फिल्टर उपयोगी पडतो. कृष्णेच्या डोहाचें चित्र घेतांना त्याचा प्रत्यय येतो. आणि महाबळेश्वरास वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असल्यानें, ओल हा भिंगाचा मोठा शत्रु होय. कांचेवर एकदां बुरशी धरली कीं ती लेपहि खाते. ओलसर चामडी पिशवींत भिंग कोंडून न ठेवतां, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद डब्यांत ठेवावें.

तेव्हां आजच्या कुटुंबानें काय घ्यावें? रोजच्या वापरास ३५ किंवा ५० मिलिमीटरांचें, रुंद द्वाराचें एक लहान भिंग पुरे. घरांतील दिव्याच्या उजेडांतहि तें काम देतें. प्रवासास २४ पासून १०५ पर्यंत बदलणारें एकच झूम भिंग बहुतेक गरजा भागवितें. दूरच्या गडासाठीं अगर कासच्या फुलांसाठीं तिसरें घ्यावें, तें तो छंद खरोखर जडल्यावर. ज्या कॅमेऱ्याची प्रकाशग्राही पट्टी लहान असेल, त्यांत ५० चें भिंग सुमारें ७५ सारखें वागतें, हेंहि विकत घेतांना ध्यानांत ठेवावें. बाकी पैसा प्रवासावर खर्च करणें शहाणपणाचें.

भिंग हलकें असण्याचें महत्त्व केवळ खांद्यापुरतें नाहीं. १९६० च्या दशकांत कोयनेचें धरण पुरें झालें व शिवसागर जलाशयाखालीं कित्येक गांवें गेलीं. त्या गांवांतील ओसऱ्या, पार व देवळें यांपैकीं ज्यांचीं चित्रें कोणीं घेतलीं नाहींत, तीं आतां म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यांतच उरलीं. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. त्या वेळीं लोकांच्या हातीं होता तो मोबाइलवरचा, २४ ते २८ मिलिमीटरांच्या तोडीचा रुंद डोळा. गड टिपण्यास तो अपुरा. परंतु घराच्या भिंतीवर पाणी कोठवर चढलें हें दाखविण्यास पुरेसा, आणि मुख्य म्हणजे जवळ असलेला.

पुरांत भिजलेला जुना फोटो पुन्हां मिळत नाहीं. याकरितां घरांतील जुन्या तसबिरींचीं, आजोबांच्या लग्नाच्या, मोडक्या वाड्याच्या, शेताच्या बांधावरील विहिरीच्या चित्रांचीं नक्कल-छायाचित्रें सपाट उजेडांत, तिपाईवर कॅमेरा ठेवून आजच घ्यावींत, आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या गांवच्या नातलगांकडे ठेवावी. यास महागडें भिंग लागत नाहीं. ५० मिलिमीटरांचें साधें भिंग व एक सवडीची दुपार पुरते.