लांकडी चषक आणि कातारी

इतिहास म्हटला कीं आपल्यापुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. तें स्वाभाविकही आहे. ज्यांनीं लिहून ठेवलें त्यांनीं बहुधा तेंच लिहून ठेवलें. परंतु ज्या भांड्यांतून त्या राजांचे शिपाई जेवले तीं भांडीं कोणीं केलीं, कशीं केलीं, आणि तें ज्ञान एका हातांतून दुसऱ्या हातांत कसें गेलें, हाही इतिहासच होय. आज आम्ही वाचकांपुढें लांकडी चषकाची, म्हणजे वर वाटी, मध्यें बारीक देठ व खालीं बैठक अशा उभ्या पेल्याची, हकीकत ठेवीत आहों.

चषकाची खरी अडचण त्याच्या देठांत आहे. लेथवर ठोकळा फिरूं लागला कीं बाहेरचा आकार शिकाऊ मनुष्यालाही थोड्या सरावानें साधतो. वाटी पोखरणें मात्र अवघड. कारण तेथें लांकडाच्या उभ्या तंतूंवर टोंकाकडून हत्यार चालवावें लागतें, आणि हत्यार अडखळलें कीं त्याचा हिसका देठावर येतो. म्हणून जाणता कातारी आधीं वाटी आंतून पुरी करतो, तोंपर्यंत देठाच्या जागीं लांकूड जाडच ठेवतो, आणि देठ सर्वांत शेवटीं बारीक करतो. पहिलाच चषक करणाऱ्याला मोह होतो तो नेमका उलट. कारण चषकाचें सौंदर्य देठांत दिसतें. तो देठ आधीं कातून घेतो, आणि वाटी पोखरतांना तो देठ मोडतो. कामाचा हा क्रम कोणा शास्त्रकारानें घालून दिलेला नाहीं. मोडलेल्या देठांनींच तो शिकविला आहे.

लेथ हें यंत्रही असेंच हळूहळू घडलें. इजिप्तमध्यें तूना एल-गेबेल येथें पेटोसिरिस नांवाच्या धर्माधिकाऱ्याचें थडगें आहे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमाराच्या त्या थडग्यांत लेथचें जें चित्र कोरलेलें आहे, तें उपलब्ध चित्रांत सर्वांत जुनें मानलें जातें. त्यांत एक मनुष्य लांकडाला गुंडाळलेला पट्टा ओढतो आहे व दुसऱ्यानें हत्यार धरलें आहे. मध्ययुगीन युरोपांतील कातारी या सोबत्यावांचून काम करूं लागला. त्यानें डोक्यावर एक लवचीक काठी बसविली, पायाखालीं फळी घेतली, आणि दोहोंना जोडणाऱ्या दोरीचा वेढा लांकडाला दिला. फळी दाबली कीं लांकूड त्याच्याकडे फिरे व हत्यार चाले. पाय उचलला कीं काठी दोरी वर ओढून घेई, लांकूड उलट फिरे आणि हत्यार क्षणभर मागें घ्यावें लागे. ठोकळा दोन्ही टोंकांना अणकुचीदार खिळ्यांत धरलेला असल्यामुळें वाटीच्या मध्यभागीं लांकडाचा एक खुंट शिल्लक राही. तो अगदीं अखेरीस मोडून काढीत.

पुढें हें काम राजांच्याही हातीं गेलें. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट (१५२६–१५८६) स्वतः लेथवर हस्तिदंत कातीत असे, आणि रशियाच्या पीटर बादशहालाही या कामाचा मोठा नाद होता. अशा दरबारांतील हस्तिदंती पात्रें संग्रहालयांत कांचेआड सुरक्षित आहेत. सामान्यांचें लांकडी भांडें मात्र तडकलें कीं चुलींत जाई. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचें ‘मेरी रोझ’ हें युद्धजहाज १९ जुलै १५४५ रोजीं पोर्टस्मथजवळ बुडालें व १९८२ सालीं वर काढण्यांत आलें. समुद्राच्या गाळानें राखलेलीं खलाशांचीं कातीव लांकडी भांडीं त्यांत सांपडलीं. कांहींवर तर मालकांनीं ओरखडून केलेल्या खुणाही आहेत. राजाचें वैभव तिजोरीनें राखलें, गरिबाची वाटी चिखलानें राखली!

लिओनार्डो द विंची यानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस जड चाक जोडलेल्या, लांकूड एकाच दिशेनें फिरवीत राहणाऱ्या लेथचें रेखाटन केलें. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले याच्या लेथनें हत्यार माणसाच्या हातांतून काढून यंत्राच्या पकडींत दिलें. तरीही इंग्लंडांतील बकलबरी या गांवीं जॉर्ज लेली नांवाचा कातारी विसाव्या शतकांत काठीच्याच लेथवर काम करीत होता. एल्म वृक्षाच्या एकाच ठोकळ्यांतून तो आंकडेदार हत्यारानें एकाच्या पोटांत एक असे वाडगे काढी. १९५८ सालीं तो वारला, आणि त्याच्या मागें तें काम चालविणारा कोणी उरला नाहीं. त्याचा लेथ रीडिंग येथील ग्रामजीवनाच्या संग्रहालयांत गेला. पुढें १९९० नंतरच्या दशकांत रॉबिन वुड या कारागिरानें तीं हत्यारें आणि जुन्या भांड्यांवरील हत्यारांचे माग अभ्यासून ही विद्या पुन्हां हस्तगत केली. गुरूनें तोंडीं सांगितलें असतें तें त्याला निर्जीव वस्तूंकडून काढून घ्यावें लागलें.

हें पाहून आमची दृष्टि साहजिकच आपल्या घराकडे वळते. लाटणें, भोवरा, पलंगाचे खूर हीं सारीं कातकामाचींच अपत्यें. दोरीनें किंवा कमानीनें लांकूड मागेंपुढें फिरवून काम करण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे. फिरत्या लांकडावर लाखेची कांडी दाबली कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून रंग चढतो, ही युक्ति आपल्या कारागिरांना चांगली अवगत होती. सावंतवाडीचें लांकडी व लाखेचें काम तर महाराष्ट्राबाहेरही नांवाजलेलें आहे. सुबक चेहऱ्याला आपण ‘कातीव’ म्हणतों, पण तो शब्द ज्याच्या कामावरून आला त्या काताऱ्याला त्याच्या कामाचा क्रम विचारावा असें आपल्यापैकीं कितीकांना वाटतें? ज्या गांवांत असा वृद्ध कारागीर आहे, तेथील सुशिक्षितानें एक दिवस त्याच्याजवळ बसून तो काय करतो, आधीं काय व मागाहून काय, हें लिहून ठेवावें. आणि त्याच्या हाताखालीं एखादा मुलगा शिकत असेल तर त्याच्या कामाला गिऱ्हाईक व्हावें. लेथ संग्रहालयांत ठेवतां येतो. देठ केव्हां बारीक करावयाचा, हें मात्र कोणीतरी कोणाला तरी सांगावें लागतें.