आमच्या घरांतील नाताळ

देऊळगांव राजा हें नांव उच्चारलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत प्रथम उभें राहतें तें श्रीबालाजीचें मंदिर, आश्विनांतील यात्रा आणि सिंदखेडच्या जाधवरावांचें घराणें; आणि तें योग्यच आहे. ख्रिस्ती घरें येथें थोडीं. तेव्हां या स्मरणिकेसाठीं आम्ही गांवाचा इतिहास लिहावयास बसलों नसून त्याच्या एका कोपऱ्यांतील, चार भिंतींआडचा इतिहास लिहीत आहों. धर्मग्रामाच्या नोंदवहींत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या तारखा सांपडतात. परंतु नाताळच्या आदल्या दिवशीं चुलीपाशीं कोण बसलें होतें, गोठा कोणीं बांधला, गीत कोणीं म्हटलें, याची नोंद ठेवणारी वही कोठेंही नाहीं.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशीं असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘जन्मासंबंधींचा’ असा आहे. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ त चिमाजीआप्पांनीं ती जिंकून घेतली. या दोनशें वर्षांत कोंकणपट्टींतील ख्रिस्ती घरांत नाताळचा थाट रुजला. पुष्कळांस वाटतें, आमचाही नाताळ तेथूनच उचललेला. वाटणें साहजिक आहे, पण तें खरें नव्हे. तिकडील नाताळ गलबतांतून उतरला, आमचा बैलगाडींतून आला, आणि तोही तीन शतकें उशिरा. सव्हॉय प्रांतांतील आनेसी येथें १८३८ सालीं स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपुरास पोहोंचले. १८८७ त नागपूरचा धर्मप्रांत झाला. १८९२ त याच संघाचे फादर मारियन थॉमस यांनीं वैजापूर तालुक्यांतील घोगरगांवीं ठाणें मांडलें. पुढें १९५५ सालीं अमरावतीचा आणि १९७७ सालीं औरंगाबादचा धर्मप्रांत निघाला. त्यामुळें आम्ही बुलढाणेकर अमरावतीचे आणि हाकेच्या अंतरावरील जालनेकर औरंगाबादचे. आमच्या आजीचें माहेर जालन्याकडचें. तिच्या लेखीं या सीमेला कांहींच अर्थ नव्हता.

फादर एक आणि गांवें पुष्कळ, अशी पहिल्या पिढ्यांची स्थिति. मध्यरात्रीची मिस्सा प्रत्येक गांवीं व्हावी हें शक्यच नसे. ज्या वर्षीं फादर येत नसत त्या वर्षीं घरांतच दिवा लावून रोझरी म्हणावयाची व बाळयेशूपुढें गुडघे टेकावयाचे. देवळावांचून सण साजरा करण्याची ही संवय लागल्यामुळें आमच्याकडील चालीरीतींचें खरें घर म्हणजे स्वयंपाकघर आणि ओसरी.

त्यांत पहिला मान गोठ्याचा. संत फ्रान्सिस आसिसीकर यांनीं १२२३ सालीं ग्रेच्चो गांवीं जिवंत बैल व गाढव आणून गव्हाणीचा देखावा मांडला, तेव्हांपासून ही रीत जगभर पसरली. शुभवर्तमानांत मात्र बैल नाहीं आणि गाढवही नाहीं. संत लूक केवळ गव्हाणीचा उल्लेख करितो. जनावरें आलीं तीं यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायांतील वचनावरून, जेथें बैल आपल्या धन्यास ओळखतो व गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतें. हें सर्व आम्हांस फार मागाहून कळलें. लहानपणीं आम्हांस त्यांत नवल असें कांहींच वाटत नसे. गोठा म्हणजे काय हें वऱ्हाडांतील मुलास कोणीं शिकवावें लागत नाहीं. ज्वारीचा कडबा, शेतांतील काळी माती आणि द्रोणांत आठ दिवस आधीं पेरलेला गहूं, एवढ्यावर आमचें बेथलेहेम उभें राही. बैलजोडी पोळ्याची. श्रावणी अमावास्येस पुजलेले मातीचे बैल इतर घरीं मुलांच्या खेळण्यांत फुटून जात; आमची आजी त्यांतील एक जोडी फडक्यांत गुंडाळून फडताळांत ठेवी व ती चोवीस डिसेंबरास बाहेर काढी. गाढव कुंभाराकडे मिळत नसे, म्हणून तें आमच्या गोठ्यांत कधींच आलें नाहीं.

फराळाविषयीं लिहूं लागलों तर पानें पुरणार नाहींत. करंज्या, शंकरपाळे, अनारसे, चकल्या. थोडक्यांत, दिवाळींत शेजारीं होई तेंच आमच्याकडे दीड-दोन महिन्यांनीं. कुलकुल हा प्रकार किनाऱ्याकडील. तो आम्हांकडे बराच मागाहून आला. मौज अशी कीं पूर्वीच्या नियमाप्रमाणें नाताळचा आदला दिवस उपवासाचा. शिवाय ख्रिस्तशरीर घेणारानें मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेऊं नये, असा कडक नियम १९५३ पर्यंत होता. लहान मुलांस उपवास नव्हता, पण आजीचें धर्मशास्त्र रोमच्याहून कडक. दिवसभर घर तुपाच्या वासानें भरलेलें आणि चव घेण्यास कोणास मुभा नाहीं! पहिली करंजी गव्हाणीपुढें ठेवली जाई. दुसरी मिस्सेनंतर, अगर घरची प्रार्थना आटोपल्यावर, धाकट्याच्या हातीं पडे.

या ताटांची दुसरी एक कथा आहे आणि ती गोड नाहीं. आजी सुनेच्या वयाची होती तेव्हां आळींतील कांहीं घरें आमचें शिजविलेलें, तळलेलें घेत नसत. धर्म बदलला तरी पूर्वीची जात लोक विसरले नव्हते. त्या घरीं आजी नारळ, साखर व गहूं असा कोरडा शिधा पाठवी. त्यांच्याकडील दिवाळीचा फराळ मात्र आमच्या ओसरीवर वरून सोडला जाई. १९५० सालीं राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. आमच्या आळींत तें पोहोंचण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. मग एका नाताळास त्यांतील एका घरची म्हातारी आपण होऊन आली, पाटावर बसली आणि तिनें करंजी मागून घेऊन खाल्ली. कोणीं कांहीं बोललें नाहीं. पुढील वर्षापासून शिधा बंद झाला व ताट सुरू झालें. आमच्या मतें आमच्या घराच्या इतिहासांतील ही सर्वांत मोठी घटना होय.

आतां गीतांविषयीं. फादर स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज, १५७९ त गोव्यास आलेले येशूसंघीय. त्यांनीं ख्रिस्ताचें चरित्र मराठी ओवींत रचिलें व तें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापिलें गेलें. १९०७ त मंगळुरास तें पुन्हा निघालें, तेंही रोमनांतच. देवनागरी अक्षरांत तें शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्याहून प्रसिद्ध केलें. अर्थात् आमच्या वडिलांच्या उमेदीच्या काळापर्यंत हा ग्रंथ आमच्या भागांतील साध्या घरांना जवळजवळ अप्राप्यच होता. असें असतां आजी जात्यावर बसून बाळयेशूच्या जन्माच्या ओव्या म्हणे. मरियेचें बाळंतपण, जोसेफाची धांवपळ, थंडींत पांघरूण नाहीं म्हणून बायकांनीं दिलेलीं लुगडीं, असें सारें त्यांत असे. तिनें स्टीफन्सचें नांवही ऐकलें नव्हतें. विद्वान् धर्मगुरूनें गोव्यांत बसून जो छंद विचारपूर्वक निवडला तोच एका निरक्षर स्त्रीला आपल्या आईकडून मिळाला होता. मिस्सा तेव्हां लॅटिनमध्यें होई. १९६३ सालीं व्हॅटिकनच्या धर्मसभेनें लोकभाषेस दार उघडलें तें पुढें. आजीच्या जात्यापाशीं मात्र मराठी आधींपासूनच होती.

मग गांवांत पिठाची गिरणी आली. जातें ओसरीच्या कोपऱ्यांत गेलें, आणि बायकांच्या दुखऱ्या खांद्यांना विश्रांति मिळाली याबद्दल आम्ही गिरणीस दोष देणार नाहीं. हेमा राईरकर व गी पोइतवॅं यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हें काम केवढें मोलाचें आहे तें आमच्यासारख्यांस विशेष कळतें, कारण आमच्या आजीच्या ओव्या कोणीं टिपून घेतल्या नाहींत. आमच्यांतील थोरल्या बहिणीस त्यांतील चार-पांच येतात, त्याही तुटक. त्या आम्हीं यंदा वहींत उतरून घेतल्या आहेत. ज्या घरीं कोणा वृद्ध बाईस अशा ओव्या पाठ असतील त्यांनीं त्या आमच्याकडे धाडाव्या; चाल ठाऊक असल्यास आम्ही स्वतः येऊन ऐकूं.

घरांतील मुलें आतां पुण्यास व संभाजीनगरास नोकरीवर आहेत. चोवीस तारखेच्या बसनें तीं येतात व कामट्यांचा, पतंगी कागदाचा तारा रात्रींतून उभा करितात. पूर्वीं त्यांत पणती असे, आतां विजेचा दिवा. गोठ्यांत प्लास्टरची गाय आणि, इतक्या वर्षांनीं, एक गाढवही आलें आहे. मातीची बैलजोडी मात्र अद्याप पोळ्यालाच काढून ठेवितात.