'वूडू'चा उदयास्त

घरच्या संगणकासाठीं ग्राफिक्स कार्ड निवडतांना गिऱ्हाईक वेग आणि किंमत पाहतें. तें कार्ड खेळाशीं कोणत्या भाषेंत बोलतें, हें सहसा पाहत नाहीं. आमच्या मतें खरा धोका तेथेंच असतो. १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीचें 'वूडू' कार्ड निघालें. त्यास साधें द्विमिति चित्र काढतां येत नसे. म्हणून जुनें कार्डहि ठेवून दोहोंस बाहेरून तारेनें जोडावें लागे. एका कामास दोन गडी! तरीहि त्रिमिति दृश्यें त्यावर अशीं सरसर हालत कीं, लोक लुब्ध झाले. अनेक खेळ कंपनीच्या 'ग्लाइड' या खासगी भाषेंत लिहिले गेले, आणि ती इतरांच्या कार्डांस कळत नसे. मायक्रोसॉफ्टची 'डायरेक्ट थ्रीडी' ही सर्वांस खुली असलेली भाषा मागाहून प्रबळ झाली. दरम्यान थ्रीडीएफएक्सनें एसटीबी हा कारखाना घेऊन कार्डें स्वतःच विकण्याचा घाट घातला. तेव्हां तिच्या चिपा घेणारे कारखानदार साहजिकच एनव्हिडियाकडे वळले. डिसेंबर २००० मध्यें त्याच एनव्हिडियानें तिची मालमत्ता घेण्याचा करार केला. ज्यांनीं त्या वर्षीं 'वूडू ५' घेतलें होतें, त्यांच्या कार्डास नवे ड्रायव्हर पुरविणारा धनीच उरला नाहीं. कांहीं काळ तें काम हौशी मंडळींनीं चालविलें.