अमळनेरचं ‘तूप’

अमळनेरचं नाव काढलं की लोक विप्रोच्या शेअरबद्दल बोलतात. आजोबांनी घेऊन ठेवलेल्या शेअरवर घर करोडपती झालं, अशा गोष्टी गावात भरपूर. पण आजोबांनी शेअर घेतले, ते वनस्पती तुपाच्या कारखान्याचे.

मोहम्मद हाशम प्रेमजींनी २९ डिसेंबर १९४५ला ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली आणि कारखाना अमळनेरला टाकला. आसपास भुईमूग पिकत होता, गावात सुरत-भुसावळ रेल्वे होती. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ साबण ही सुरुवातीची उत्पादनं.

तेलात निकेलच्या मदतीनं हायड्रोजन मिसळला की ते तुपासारखं घट्ट होतं. स्वस्त आणि टिकाऊ. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत सणाचा शिरा आणि लाडू त्यात होऊ लागले. १९३७पासून बाजारात असलेल्या डालडानं ही वाट आधीच पाडली होती.

विरोधही झाला. गांधीजींना वनस्पती तूप पसंत नव्हतं. साजुक तुपात त्याची भेसळ व्हायची. ती पकडता यावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. रसायनाच्या चाचणीत तिळाच्या तेलामुळे लाल रंग येतो. म्हणजे ही सक्ती फसवणूक पकडण्यासाठी होती. शुद्ध वनस्पती खाल्लं तर शरीरात काय होतं, याचं उत्तर त्या चाचणीत मिळत नव्हतं.

अर्धवट हायड्रोजन मिसळलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतात. त्यांनी वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं, हे मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी १९९०मध्ये दाखवलं. अमळनेरचा कारखाना निघून तोवर ४५ वर्षं झाली होती. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली जानेवारी २०२२मध्ये.

इतका उशीर का? खानदेशी ताटातच उत्तर आहे. ठेचा जास्त झाला तर रात्रीच छातीत जळजळतं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी सोडून चार दिवस मैदा खाल्ला, तर पोट साफ होत नाही. अशा तक्रारी शरीर लगेच करतं, म्हणून घराघरात त्यांवर उपाय ठरलेले असतात. वनस्पतीनं मात्र ना जळजळ झाली, ना पोट बिघडलं. रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं गप्प राहिल्या. हार्ट अटॅक आला तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीचा शिरा कुणाला आठवणार?

त्या काळातल्या आयांना दोष देता येत नाही. त्यांनी परवडेल त्यात सण गोड केला. आपल्याला मात्र माहिती आहे. खारी, नानकटाईचं पाकीट उलटून बारीक अक्षरांत ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ लिहिलंय का, एवढं बघायला दहा सेकंद लागतात. पोट काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नये.