यकृताच्या कर्करोगावरील लक्ष्यवेधी औषधवहन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कर्करोगाचे अनेक रुग्ण पुढील उपचारांसाठी बडनेरा वा अकोला स्थानकावरून नागपूरची किंवा मुंबईची वाट धरतात. 1941 मध्ये सुरू झालेले मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय हे त्यांचे मोठे आशास्थान होय. यकृताच्या कर्करोगाचे निदान बहुधा उशिरा होते. तोवर सिरोसिसने यकृत दुबळे झालेले असते व शरीरभर पसरणारे विषारी औषध रुग्णास सोसवत नाही. औषध नेमके रोगग्रस्त पेशींपर्यंत नेता येईल काय, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे.

कल्पनेचा उगम :
रोगकारक तेवढाच वेधणाऱ्या 'जादूच्या गोळी'ची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिक यांनी मांडली. 1965 मध्ये अ‍ॅलेक बँगहॅम व सहकाऱ्यांनी स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म पुटिकांचे, म्हणजेच लायपोसोमचे, वर्णन केले. 1995 मध्ये अमेरिकेत लायपोसोमयुक्त डॉक्सोरुबिसिनला मान्यता मिळाली.

भारतीय योगदान :
यकृतपेशींच्या पृष्ठभागावर गॅलक्टोज ओळखणारे ग्राही असतात. लायपोसोमवर विशिष्ट शर्करा बसवून उंदरांच्या यकृतातील वेगवेगळ्या पेशींकडे ते वळविता येतात, हे घोष, दास व बिमल कुमार बच्छावत यांनी 1982 मध्ये दाखविले. महाराष्ट्रात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात लायपोसोमयुक्त अ‍ॅम्फोटेरिसिनवर काम केले. ते औषध कर्करोगावरील नव्हे, बुरशीजन्य रोगांवरील होते. तथापि हे तंत्र राज्यातच रुजू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

कसोटी :
2002 मध्ये गॅलक्टोसामाइन जोडलेल्या बहुवारिकातून 31 रुग्णांना डॉक्सोरुबिसिन दिल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. औषध यकृतात पोहोचले; परंतु त्याचा मोठा वाटा अर्बुदात नव्हे, निरोगी भागात साठला. उष्णतेने उघडणाऱ्या लायपोसोमची 701 रुग्णांवरील चाचणी 2013 मध्ये, तर डॉक्सोरुबिसिनच्या नॅनोकणांची चाचणी 2017 मध्ये अपयशी ठरली. यामागील एक अडचण यकृताच्या रचनेतच आहे. तेथील कुप्फर पेशी रक्तातील परके कण गिळतात, तर अर्बुदाच्या पेशी बरेचदा आपले ग्राही गमावतात. सारांश, यकृत गाठणे सोपे. अर्बुद गाठणे कठीण.

निष्कर्ष :
भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले 'भाभास्फिअर' हे किरणोत्सारी यिट्रियम-90 चे काचमणी नॅनोकणांहून शेकडो पट मोठे आहेत. यकृताच्या अर्बुदास मुख्यत्वे यकृत-रोहिणीतून रक्त मिळते. ते त्याच वाटेने नळीद्वारे सोडले जातात. येथे लक्ष्यवेध रासायनिक ओळखीने नव्हे, तर शरीररचनेच्या ज्ञानाने साधतो. 2011 मध्ये देशभर विस्तारलेले हिपॅटायटिस-बी लसीकरण हा रोग मुळाशीच रोखते. म्हणून वऱ्हाडातील रुग्णाचे हित केवळ नव्या कणाची वाट पाहण्यात नाही. लस, सिरोसिसच्या रुग्णांची नियमित सोनोग्राफी व वेळीच निदान या गोष्टी जिल्ह्याच्या ठिकाणीच उपलब्ध होणे तितकेच अगत्याचे आहे.