अनेक हातांचे अन्न : रिकोत्ता न्योक्कीचा इतिहास

इतिहासाच्या ग्रंथांत राजांचे तह आणि लढाया यांना मानाचे पान मिळते. चुलीवर काय रटरटत होते, ते कोणी रांधले आणि कोणाच्या ताटात पडले, याची नोंद फारशी कोणी ठेवीत नाही. तरीही ख्रिस्ती लोकांचे सणवार, उपवास, दारिद्र्य आणि दानधर्म यांचा वृत्तान्त जाणून घ्यायचा असेल, तर स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडावाच लागतो. इटलीतील ‘न्योक्की’ हा पदार्थ या दृष्टीने मोठा बोलका आहे. न्योक्की म्हणजे पीठ, बटाटा किंवा रिकोत्ता यांचे बोटाच्या पेराएवढे मऊ गोळे. ते खळखळत्या मिठाच्या पाण्यात शिजवितात आणि वर लोणी व किसलेले चीज घालून वाढतात. यांतील रिकोत्ताची न्योक्की सर्वांत नाजूक मानली जाते, आणि तिची कुळकथाही सर्वांत उद्‍बोधक आहे.

प्रथम रिकोत्ताविषयी. या इटालियन शब्दाचा अर्थ ‘पुन्हा शिजविलेले’ असा आहे. धनगर मेंढीच्या किंवा गाईच्या दुधात रेनेट घालून त्याचे चीज करतो. चीज काढून घेतल्यावर भांड्यात हिरवट पाणी उरते. वरवर पाहता ते टाकून देण्याच्याच लायकीचे. परंतु त्या पाण्यात दुधातील काही प्रथिने शिल्लक असतात. पाणी पुन्हा ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की ती प्रथिने गोठतात आणि पांढऱ्या मऊ ढगांसारखी वर तरंगू लागतात. ती झाऱ्याने अलगद उचलून वेताच्या टोपलीत निथळत ठेवायची. हाच रिकोत्ता. आपले पनीर अख्खे दूध नासवून होते. रिकोत्ता मात्र दुधाने आपले सर्वस्व देऊन झाल्यावर मागे राहिलेल्या पाण्यातून निघतो. मध्ययुगातील ‘ताकुइनुम सानितातिस’ या आरोग्यविषयक सचित्र हस्तलिखितांत रिकोत्ता करणाऱ्या माणसांची चित्रे आढळतात. त्या काळी हे अन्न किती परिचयाचे होते, याची त्यावरून कल्पना येते.

अशा मऊ गोळ्यांच्या पूर्वजांचा एक जुना उल्लेख आपल्याला एका संन्याशाच्या लेखणीतून मिळतो. पार्मा नगरीत १२२१ साली जन्मलेला सालिम्बेने हा फ्रान्सिस्कन बंधू आपल्या बखरीत १२८४ सालची एक आठवण सांगतो. त्या वर्षी संत क्लाराच्या सणाच्या दिवशी त्याने पिठाचे आवरण नसलेली राव्हियोली प्रथमच खाल्ली. राव्हियोली म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या लहान करंज्या. आवरण काढून टाकले की नुसते सारणाचे गोळे उरतात. मनुष्याची जिव्हा दिवसेंदिवस किती चोखंदळ होत चालली आहे, हे दाखविण्यासाठी आपण ही गोष्ट नमूद करीत आहोत, असेही तो बजावतो. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या माणसाने चवीची आठवण जपावी आणि लगोलग स्वतःला चिमटाही काढावा, यात एक मानवी गोडवा आहे. पुढे टस्कनीत अशा गोळ्यांना ‘न्यूदी’ म्हणजे ‘उघडे’ आणि लोम्बार्डीत ‘मालफात्ती’ म्हणजे ‘बेडौल’ अशी नावे रूढ झाली. आवरण नाही म्हणून उघडे, आणि हातानेच वळलेले म्हणून वेडेवाकडे!

चौदाव्या शतकाच्या मध्यावर बोक्काच्चोने ‘देकामेरॉन’मध्ये एका सुखी काल्पनिक देशाचे वर्णन केले. त्या देशात किसलेल्या चीजचा डोंगर असून वर बसलेले लोक दुसरे काहीच न करता मॅकरोनी व राव्हियोली रांधतात आणि खाली लोटून देतात. ज्याच्या हाती लागेल त्याने खावे! त्या काळी ‘मॅकरोनी’ हा शब्द आजच्या नळीसारख्या शेवयांपुरता मर्यादित नव्हता. न्योक्कीसारखे गोळेही त्या नावाने ओळखले जात. बेनेडिक्टाइन संन्यासी तेओफिलो फोलेन्गो (१४९१–१५४४) याने लॅटिन आणि बोलीभाषा यांची सरमिसळ करून विनोदी काव्य रचले. आपल्या या कवितेला त्याने मॅकरोनीचे नाव दिले, कारण पीठ, चीज आणि लोणी एकत्र कालवून केलेले ते जाडेभरडे, गावठी अन्न आपल्या भाषेसारखेच आहे, असा खुलासा त्याने केला. उपाशी माणसाच्या स्वप्नातील डोंगर आणि संन्याशाच्या थट्टेतील गावठी गोळा, ही दोन्ही चित्रे एकाच समाजातील आहेत.

न्योक्कीचा सर्वांत प्रसिद्ध सण व्हेरोना शहरातील. त्याची परंपरागत कथा अशी : सोळाव्या शतकाच्या आरंभी लढाया आणि आदिजे नदीचे पूर यांनी व्हेरोना जर्जर झाले होते. धान्याचे भाव भडकले, भटारखाने बंद पडले आणि १५३१ साली सान झेनो या गरीब वस्तीतील लोक भुकेने खवळून उठले. तेव्हा काही धनिकांनी स्वखर्चाने अन्न पुरवून लोकांना शांत केले. त्यांत तोमाझो दा व्हिको नावाचा वैद्य होता. सान झेनोच्या गरिबांना दरवर्षी पीठ, लोणी, चीज आणि द्राक्षारस वाटावा, अशी तरतूद त्याने आपल्या मृत्युपत्रात केली, असे सांगतात. या कथेचा प्रत्येक तपशील कागदपत्रांनी सिद्ध होतोच असे नाही. परंतु राखेच्या बुधवारापूर्वीच्या शुक्रवारी व्हेरोनात आजही मिरवणूक निघते. सान झेनोच्या रहिवाशांनी मते देऊन निवडलेला ‘पापा देल न्योको’, म्हणजे न्योक्कीबाबा, हातात भला मोठा काटा आणि त्यावर न्योक्कीचा गोळा घेऊन पुढे चालतो. शहराने आपल्या सणाचा नायक म्हणून सरदार निवडला नाही, सेनापती निवडला नाही. गरिबांच्या वस्तीतला पोट भरवणारा बाबा निवडला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हा सण शुक्रवारी यावा, यातही अर्थ आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य; चीज आणि लोणी मात्र चालत असे. पुढे प्रायश्चित्तकाळ लागला की मध्ययुगात दूध, लोणी, चीज आणि अंडी हीसुद्धा बंद होत. ही बंधने पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाली. पोप आठवे इनोसंट यांनी १४९१ साली सॅक्सनीतील लोकांना उपवासात लोणी खाण्याची मुभा दिली. १९१७ च्या धर्मसंहितेने मांसत्यागाच्या दिवशी अंडी व दुधाचे पदार्थ चालतील असे स्पष्ट केले, आणि १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाच्या नियमांची नव्याने मांडणी केली. रोम शहरात मात्र जुन्या शिस्तीचा ठसा एका म्हणीत टिकून राहिला : गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी आतडी. दुसऱ्या दिवशी हलके जेवायचे, म्हणून आदल्या दिवशी पोटभर न्योक्की. धर्माचा पंचांग आणि घराचा स्वयंपाक हातात हात घालून कसे चालत, याचे हे उत्तम उदाहरण होय.

बटाटा अमेरिकेतून युरोपात आला तो सोळाव्या शतकात. न्योक्कीत तो शिरला त्यानंतर फार उशिरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटाट्याची न्योक्की घरोघरी रुळलेली दिसते. १८९१ साली पेल्लेग्रिनो आर्तुसी याने फ्लॉरेन्समध्ये आपले पाककलेचे पुस्तक स्वखर्चाने प्रसिद्ध केले. त्यात त्याने एका बाईची गोष्ट दिली आहे. तिने न्योक्की उकळत्या पाण्यात सोडली आणि ढवळण्यासाठी पळी घातली, तो भांड्यात काहीच नाही! पीठ कमी पडल्याने सारे गोळे पाण्यात विरघळून गेले होते. त्याच पुस्तकात रोमान्या प्रांताच्या पद्धतीची ‘राव्हियोली’ आहे. नाव राव्हियोलीचे, पण प्रत्यक्षात ती रिकोत्ताची न्योक्कीच : रिकोत्ता १५० ग्रॅम, पीठ ५० ग्रॅम, किसलेले पार्मेझान चीज ४० ग्रॅम, एक अंडे, एक पिवळा बलक आणि चवीपुरते मीठ.

आर्तुसीच्या पुस्तकाचा इतिहासही सामुदायिक आहे. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. शेवटी त्या ७९० झाल्या. इटलीच्या गावागावांतील गृहिणी त्याला पत्रांतून आपापल्या रीती कळवीत असत, आणि त्याच्या घरी मारिएत्ता साबातिनी व फ्रान्चेस्को रुफिल्ली हे दोघे सेवक त्या करून पाहत. १९११ साली आर्तुसी निवर्तला तेव्हा पुस्तकाचे हक्क त्याने या दोघांच्या नावे ठेवले. ज्यांच्या हातांनी पुस्तक शिजले, त्यांच्या पदरात त्याचे फळ पडले.

त्याच सुमारास लक्षावधी इटालियन माणसे पोटासाठी दक्षिण अमेरिकेत गेली. अर्जेंटिना व उरुग्वे या देशांत दर महिन्याच्या २९ तारखेला न्योक्की खाण्याची प्रथा पडली. महिनाअखेर पगार संपलेला असतो, घरात पीठ आणि बटाटे तेवढे उरलेले असतात. मग सगळे कुटुंब आणि शेजारी जमून न्योक्की करतात. ताटाखाली एक नोट किंवा नाणे ठेवायचे, म्हणजे पुढचा महिना बरा जाईल. या प्रथेमागे संत पँतालेओन यांची दंतकथा सांगतात. यात्रेकरूच्या वेशातील संताला एका गरीब कुटुंबाने जेवायला बसविले. वाट्याला प्रत्येकी सातच न्योक्की आल्या, तरी त्यांनी हात आखडता घेतला नाही. पाहुणा निघून गेल्यावर ताटे उचलली, तर प्रत्येक ताटाखाली सोन्याची नाणी! दंतकथा खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. महिन्याच्या सर्वांत रित्या दिवशी पाहुण्याला बोलवावे, ही तिची शिकवण मात्र खरीच आहे.

आता आपल्या काळाकडे वळू. सॅन फ्रान्सिस्को येथील झूनी कॅफे या उपाहारगृहाच्या प्रमुख जूडी रॉजर्स (मृत्यू २०१३) यांच्या २००२ च्या पुस्तकात रिकोत्ता न्योक्कीची एक कसोटीची कृती आहे. सुमारे ४५० ग्रॅम रिकोत्ता आणि दोन अंडी. पीठ आत मुळीच मिसळायचे नाही, मऊ गोळा पिठाच्या थरावर अलगद लोळवायचा एवढेच. मे २००९ मध्ये देशोदेशीच्या हौशी स्वयंपाक्यांच्या एका मंडळाने हीच कृती सामुदायिक आव्हान म्हणून निवडली. प्रत्येकाने आपापल्या घरी तोच पदार्थ करायचा आणि मग अनुभव एकमेकांना सांगायचे. कृती सोपी नाही. रिकोत्ता आदल्या रात्रीपासून फडक्यात निथळला नाही, तर गोळा उकळत्या पाण्यात फुटतो. म्हणून आधी एकच गोळा पाण्यात सोडून परीक्षा घ्यायची. तो टिकला तर बाकीचे वळायचे. गोळे वर तरंगू लागले की आणखी तीन-चार मिनिटे थांबून काढायचे. अशा कामात मित्रमंडळींची संगत उपयोगी पडते. एकजण निथळलेला रिकोत्ता चाचपतो, दुसरा गोळे लोळवितो, तिसरा पाण्यावर नजर ठेवतो. आणि पहिला गोळा फुटला, तर हसायलाही चारजण असतात.

आपल्याकडे रिकोत्ता सर्वत्र मिळत नाही. परंतु दडपण न ठेवलेले ताजे, मऊ पनीर चांगले निथळून घेतले, तर त्याच वाटेवरचा पदार्थ साधतो. कामाची रीत तर आपल्याला नवी नाहीच. वसई, मुंबई आणि गोवा येथील ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी कुलकुल करायला बसतात, तेव्हा पिठाचा छोटा गोळा काट्याच्या पाठीवर किंवा नव्या फणीवर दाबून गुंडाळतात. बटाट्याची न्योक्कीही काट्याच्या पाठीवरूनच वळवितात. या दोन पदार्थांचे कूळ एक आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. कुलकुल गोड आणि तळलेले, न्योक्की तिखटमिठाची आणि उकडलेली. पण दोन्हींना एका माणसाचे हात पुरत नाहीत. आजी पीठ मळते, आई गोळ्या तोडते, मुले वेडीवाकडी गुंडाळतात आणि गप्पांत रात्र सरते.

अलीकडे नाताळचा फराळ दुकानातून बांधून आणण्याची चाल वाढत आहे. नोकरीधंद्याच्या धावपळीत दमलेल्या माता-भगिनींना त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे ठरेल; पूर्वीच्या श्रमांचा सारा भार त्यांच्याच खांद्यावर होता, हेही विसरता कामा नये. मात्र फराळ विकत मिळाला, तरी तो करताना जमणारी माणसे विकत मिळत नाहीत. न्योक्कीचा सातशे वर्षांचा इतिहास पाहता असे दिसते की, उरलेल्या पाण्याचा रिकोत्ता करणारा धनगर, व्हेरोनाच्या भुकेल्या वस्तीची आठवण जपणारे नगरवासी, पत्रांतून पाककृती धाडणाऱ्या गृहिणी आणि महिनाअखेरीस शेजाऱ्याला बोलावणारे स्थलांतरित, या सर्वांनी थोडक्यातच भागविले. परंतु ते एकत्र भागविले. धर्मग्रामातील तरुणांनी आणि कुटुंबांनी वर्षातून एखादी सायंकाळ अशा सामुदायिक रांधण्यासाठी राखून ठेवावी. पदार्थ कुलकुल असो वा न्योक्की. पुरुषांनीही बाह्या सरसावून पिठात हात घालावेत, आणि ताटांची संख्या मोजताना शेजारच्या एकट्या राहणाऱ्या वृद्धाचे एक ताट आधीच मांडून ठेवावे.