फुलदाणीवरची निळी पानं



गेल्या वर्षी आमच्या गटानं मुंबईच्या प्रदर्शनात मसाल्याचा स्टॉल लावला होता. निघायच्या दिवशी आम्ही सात-आठ जणी एका संग्रहालयात शिरलो. तिथं काचेच्या कपाटात एक पांढरीशुभ्र फुलदाणी होती. अंगावर निळी पानं, लाल-सोनेरी फुलं. गटातल्या आजी म्हणाल्या, "चिनी मातीची आहे गं." पाटी वाचली, तर जपानची निघाली. करणाऱ्याचं नाव मात्र कुठंच नव्हतं. ते मनाला लागून राहिलं. घरी आल्यावर मी शोधून वाचलं, ते आज सांगते.

चारशे वर्षांपूर्वीपर्यंत जपानात अशी भांडी होत नव्हती. ती विद्या चीन आणि कोरियाच्या कारागिरांकडे होती. १५९२ ते १५९८ या काळात जपानच्या हिदेयोशीनं कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. परतताना त्याच्या सरदारांनी तिथल्या कुंभारांना जपानात नेलं. त्यांतल्याच री साम्पेई याला १६१६ च्या सुमारास आरिता इथल्या डोंगरात पांढरा दगड सापडला, असं मानतात. हा दगड कुटून, धुऊन त्याची माती करायची, भांडं घडवायचं आणि सुमारे १३०० अंशांवर भाजायचं. मग ते वाजवलं की खणखणतं.

याच कोरियन कुंभारांत एक बाई होती. तिचा नवरा फुकाउमी सोदेन १६१८ मध्ये वारला. मागे मुलगा आणि भट्टीवर पोट असलेली शेकडो माणसं. चांगली पांढरी माती होती आरिताला. मग बाईनं सरदाराची परवानगी काढली आणि सुमारे ९०० माणसं घेऊन ती आरिताला गेली. आपल्या गटात दहा-बारा जणी, तरी बैठकीला सगळ्यांना जमवताना दमछाक होते. तिनं परमुलखात ९०० जणांचा संसार हलवला!

पुढं चीनमध्ये राजवट बदलली, लढाया झाल्या, तिथला माल मिळेना. तेव्हा १६५९ मध्ये डच कंपनीनं आरिताकडे मोठी मागणी नोंदवली. माल इमारी बंदरातून निघे, म्हणून जगात त्याचं नाव झालं 'इमारी'. घडवणारं गाव मागंच राहिलं.

आणि ती निळी पानं? बारीक रेषा काढायच्या पुरुषांनी आणि जाड कुंचल्यानं आत निळा रंग भरायचा बायकांनी, अशी आरिताची जुनी रीत. एकदा भाजलेलं कोरं भांडं पाणी चटकन पितं. हात जरा थबकला की डाग पडतो. असं कसबाचं काम, पण त्या बायकांची नावं भांड्यावर नाहीत.

ती कोरियन बाई १६५६ मध्ये, ९६ व्या वर्षी गेली. १७०५ मध्ये पणतूनं आरिताच्या होओन-जी या बौद्ध मंदिरात तिच्या स्मरणार्थ दगड उभारला. लोक तिला 'ह्याकुबासेन' म्हणतात. अर्थ साधारण असा, शंभरीची पुण्यवान आजी. तिचं खरं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही.

हे वाचल्यावर आम्ही गटाची इतिवृत्त वही उघडली. 'गटाने मसाला केला', एवढंच लिहिलेलं. मिरच्या कुणी निवडल्या, कुणी भाजल्या, काहीच नाही. आता आम्ही नावं लिहितो. 'राजूची आई' असं नाही, जिचं तिचं नाव.

तुमचीही वही एकदा उघडून बघा.